कोविडमध्ये फोनवरून डोळे तपासले: डॉक्टरांना आणि पेशंटना खरंच काय वाटलं?

काजळवही
१२ एप्रिल २०२२, रात्री ९:४०

पाडव्याला मास्कची सक्ती उठली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही क्लिनिक आवरायला काढलं. रिसेप्शनच्या खणात तळाशी एक दोनशे पानी वही सापडली. वर बॉलपेनने गिरवून गिरवून लिहिलंय, ‘फोन पेशंट’. मार्च २०२० पासूनचे फोन आहेत त्यात. नाव, गाव, कुठला डोळा, कधीपासून, काय सांगितलं, पुन्हा फोन कधी. आमच्या रिसेप्शनच्या ताई घरी बसून फोन घ्यायच्या, वहीत उतरवायच्या आणि पानाचा फोटो मला पाठवायच्या. मग मी एकेकाला व्हिडिओ कॉल लावायचे.

मी डोळ्यांची डॉक्टर. सिंहगड रोडला बावीस वर्षं प्रॅक्टिस आहे. वही चाळताना दोन गोष्टी एकदमच मनात आल्या. एक, लोक घाबरलेले असताना आपण एवढ्या जणांचे फोन घेतले. आणि दुसरी, यातल्या किती डोळ्यांत आपण खरोखर वाकून बघितलं? फोन घेताना तरी एकाही नाही.

आता ओपीडी पहिल्यासारखी भरतेय. पेशंट विचारतात, “मॅडम, फोनवरच सांगा की, तेव्हा सांगत होतात ना?” माझ्याकडे सरळ उत्तर नाही. इथे डोळ्यांचे डॉक्टर, ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून नंबर काढणारे), चष्मेवाले असतील तर सांगा: तेव्हा तुम्हाला हे कसं वाटत होतं आणि आज काय वाटतं? पेशंट असाल तर तुमचंही सांगा. मनापासून विचारतेय.

---

पेठेतला_बाळ

डॉक्टर, मी पेशंटच्या बाजूने. आई ७४ वर्षांची, काचबिंदू. रोज रात्री एक थेंब, आयुष्यभर. एप्रिल २०२० मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले होते, दूधवालासुद्धा पत्र्यावरून पिशवी द्यायचा. आईची बाटली संपत आली. जुनं प्रिस्क्रिप्शन इतकं जुनं की मेडिकलवाला द्यायला तयार नाही. डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप केलं, त्यांनी बाटलीचा फोटो मागवला, थेंब कसा घालतेस ते आईला व्हिडिओवर करून दाखवायला लावलं. तेव्हा कळलं, आई निम्मे थेंब गालावर घालत होती! आठ वर्षांत क्लिनिकमध्ये हे कोणी बघितलं नव्हतं, कारण तिथे थेंब नर्स घालते.

म्हणून मी फोनच्या बाजूने.

---

रेटिनावाला

काजळवही, विषय चांगला काढलात. मी पडद्याचा सर्जन आहे आणि माझं मत कडक आहे.

बाकीच्या डॉक्टरांचं ठीक आहे. त्वचेचा डॉक्टर फोटो बघतो, मानसोपचारवाले बोलतात. डोळ्याचं तसं नाही. स्लिट लॅम्पशिवाय, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाशिवाय, मला बुबुळाचे थर दिसत नाहीत. डोळ्यातलं प्रेशर मोजायला टोनोमीटर लागतो. पडदा बघायचा तर बाहुली मोठी करणारं औषध घालून अर्धा तास बसवावं लागतं. यातलं फोनवर काय होतं? काहीच नाही. शिवाय पडदा बिघडला तरी दुखत नाही. मधुमेही माणसाच्या पडद्यावर रक्त झिरपत असतं आणि तो फोनवर सांगतो, “डॉक्टर, सगळं मस्त आहे.”

माझ्याकडे महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला येणारे लोक होते. वयोमानाने पडद्याच्या मध्यभागी पाणी साठतं, त्यावरचं इंजेक्शन. त्या उन्हाळ्यात आले नाहीत. मी फोन करायचो, ते म्हणायचे, “उन्हाळा संपू दे, बघू.” फोन केल्याचं समाधान मला मिळालं, त्यांच्या नजरेला काही मिळालं नाही. एक निवृत्त मास्तर ऑगस्टमध्ये आले. मार्चमध्ये पेपर वाचत होते, ऑगस्टमध्ये समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता.

---

विदाप्रेमी

थोडे आकडे. २०२० मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीत देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांची पाहणी आली होती, १२६० जणांनी उत्तरं दिली होती. लॉकडाउनमुळे ७२.५ टक्के डॉक्टर एकही पेशंट तपासत नव्हते आणि ७७.५ टक्क्यांनी फोन, ईमेल, व्हिडिओ किंवा सोशल मीडियावरून सल्ला द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे चारातल्या तिघांनी हे स्वीकारलं होतं.

---

रेटिनावाला

@विदाप्रेमी, सुरुवात केली म्हणजे पटलं असं नाही हो. मीही त्या ७७ टक्क्यांतच. दार बंद असेल तर माणूस खिडकीतून बोलतो. दार उघडल्यावरही खिडकीतूनच बोलायचं का, एवढाच माझा प्रश्न.

---

हडपसरची_सून

आमच्याकडचा किस्सा. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं १६ मार्चला आणि आठवड्यात सगळं बंद. पुढची तपासणी व्हिडिओवर. सासरे फोन हातात धरायचे आणि कॅमेरा छताकडे. डॉक्टर दहा मिनिटं म्हणतायत, “काका, पंखा छान आहे, आता डोळा दाखवा.” शेवटी माझ्या आठ वर्षांच्या लेकाने फोन धरला आणि “आबा वर बघा, आबा खाली बघा” करत अख्खी तपासणी करून दिली. डॉक्टरांनी त्याला ‘असिस्टंट’ म्हटलं. अजून तो सगळ्यांना सांगतो की मी आबांचं ऑपरेशन केलंय.

डोळा नीट बरा झाला. पण रोज रात्री मी देवाला हात जोडत होते, हेही खरं.

---

वकील_शिवाजीनगर

डॉक्टर मंडळींच्या मनात तेव्हा भीती होती, तिला कायद्याची बाजूही होती. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला होता. त्यात पेशंटला न तपासता फोनवरून औषधं सांगितल्याचा मुद्दा होता. राज्यातल्या डॉक्टरांनी त्यातून घेतलेला अर्थ असा की फोनवर औषध सांगितलं तर गेलो. ही भीती पक्की बसली असतानाच कोविड आला.

२५ मार्च २०२०, म्हणजे लॉकडाउनचा पहिला दिवस, त्या दिवशी केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. पेशंटने आपणहून फोन केला तर त्याची संमती धरली जाते. कुठल्या माध्यमातून कुठली औषधं लिहिता येतील त्याच्या याद्या आहेत. डॉक्टरने नोंद ठेवायची, नोंदणी क्रमांक टाकायचा, फी घेता येते, पावती द्यायची. आणि सर्वांत महत्त्वाचं: फोनवर भागणार नाही असं डॉक्टरला वाटलं तर ‘प्रत्यक्ष या’ असं सांगायचा अधिकार त्याचाच.

काजळवही, ती वही जपून ठेवा.

---

चष्मेवाला

लक्ष्मी रोडला आमचं तिसऱ्या पिढीचं दुकान. लॉकडाउनमध्ये लोक फोन करून विचारायचे, “काड्या तुटल्यात, जुन्या नंबरचाच करून द्या.” दिले करून, घरपोच. पण “ऑनलाइन शाळेमुळे पोराचं डोकं दुखतंय, अंदाजे नंबर द्या” म्हणणाऱ्यांना हात जोडले. लहान मुलाचा नंबर अंदाजाने काढत नाहीत. थेंब घालून, स्नायू सैल करून काढावा लागतो. काही गिऱ्हाइकं रागावून गेली. जाऊ देत.

---

संगणकसखा

मला रेटिनावाला यांचं म्हणणं जुन्या वळणाचं वाटतं. आता डोळ्याच्या पडद्याचे फोटो संगणक वाचतो, मधुमेहाचे बदल ओळखतो. घरबसल्या दृष्टी मोजायची अ‍ॅप्स आहेत. पाच वर्षांत डॉक्टरकडे जायची गरजच राहणार नाही. डॉक्टरांनी बदलाला विरोध करू नये.

---

ऑप्टोम_सायली

@संगणकसखा, पडद्याचा फोटो संगणक वाचतो हे खरं. पण तो फोटो काढतो कोण आणि कशाने? फंडस कॅमेरा लागतो, तो चालवणारा माणूस लागतो. खिशातल्या फोनने पडदा निघत नाही, त्यावर भिंग बसवावं लागतं.

आणि हे कोविडने आणलेलं नवीन प्रकरण नाही. मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलची ‘व्हिजन सेंटर्स’ २००४ पासून चालू आहेत. तालुक्याच्या गावात छोटी खोली, तिथे शिकवलेली मुलगी, तिच्याकडे स्लिट लॅम्प. ती तपासते, हॉस्पिटलमधला डॉक्टर व्हिडिओवर प्रत्येक पेशंटशी बोलतो. शंकर नेत्रालयाची फिरती गाडी २००३ ची. कर्नाटकात २००८ पासून तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जातात आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या पडद्याचे फोटो बंगळुरूला पाठवतात. त्यातल्या ज्यांच्या पडद्यात आजार वाढतो, त्यांना वेळेत लेझर मिळाला नाही तर कायमचं अंधत्व येऊ शकतं.

या तिन्हींत पेशंटच्या बाजूला एक शिकलेला माणूस आणि एक यंत्र आहे. २०२० मध्ये आपल्याकडे पेशंटच्या बाजूला काय होतं? घाबरलेली सून आणि चरा पडलेला कॅमेरा. (हडपसरची_सून, तुम्हाला उद्देशून नाही बरं!) तेव्हा टेलिमेडिसिन वाईट की चांगलं, असं सरसकट विचारण्यात अर्थ नाही.

---

हडपसरची_सून

@सायली, राग नाही. घाबरले होतेच मी. चराही होता.

---

दौंडकर

पुण्यातल्या मंडळींनो, इकडचं ऐका. आमच्या वस्तीवर रेंज यायला बांधावर जाऊन उभं राहावं लागतं. तिथून व्हिडिओ लावला तर डॉक्टरला फक्त चौकटी दिसतात. मग माणूस काय करतो? मेडिकलमध्ये जातो, डोळा दाखवतो, ‘डोळ्याचं औषध’ मागतो आणि स्टिरॉइडचा ड्रॉप घेऊन येतो. दोन दिवस लाली जाते, बरं वाटतं. डॉक्टर, म्हणून म्हणतो, फोन तर फोन, पण कोणीतरी शिकलेलं माणूस बोललं पाहिजे. नाही तर ही असली औषधं चालू राहतात.

---

रेटिनावाला

@दौंडकर +१. स्टिरॉइडचा ड्रॉप न विचारता घालणं म्हणजे आगीवर घोंगडी टाकल्यासारखं आहे. वरून ज्वाळा दिसत नाहीत, आत जळतच असतं. बुरशीचं इन्फेक्शन असेल तर भडकतं. महिनोन् महिने घातलं तर प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होतो.

---

ईएनटी_कोथरूड

मी कान-नाक-घशाचा, पण या धाग्यावर मला बोलायचंच आहे. मे २०२१. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. त्या महिन्यात मी आणि नेत्रतज्ज्ञ एकाच टेबलाशी उभे असायचो. नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूकडे जाते ही बुरशी. त्यावरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर चिठ्ठी घेऊन फिरत होते. काहींचा जीव वाचवायला डोळा काढावा लागला. ती वाक्यं नातेवाइकांना सांगताना जीभ रेटत नसे.

आता व्हिडिओ कॉलचं. कोविडमधून घरी आलेल्या, मधुमेह असलेल्या पेशंटना आम्ही रोज संध्याकाळी कॉल करायचो. पाच मिनिटं. दोन्ही पापण्या सारख्या उघडतात का? डोकं न हलवता डावीकडे, उजवीकडे, वर बघा. एकाच्या दोन वस्तू दिसतात का? गाल बधिर आहे का? नाकातून काळसर येतं का? एका बाईंची डावी पापणी मला स्क्रीनवर दोन मिलिमीटर खाली वाटली. त्यांना स्वतःला काहीच जाणवत नव्हतं, ‘झोप झाली नाही’ म्हणाल्या. त्याच रात्री एमआरआय, पहाटे ऑपरेशन. डोळा राहिला, बाई राहिल्या.

त्यामुळे रेटिनावाला, फोनवर ‘काहीच’ होत नाही, हे मला मान्य नाही.

---

रेटिनावाला

@ईएनटी_कोथरूड, ‘काहीच’ हा शब्द मागे घेतो. पापणी, डोळ्याची हालचाल, बाहेरून दिसणारं जे जे आहे, ते फोनवर दिसतं. आतलं दिसत नाही. यावर आपलं एकमत व्हावं.

---

मंजिरी_क

प्रश्न: डॉक्टरांना स्वतःच्या जिवाची भीती नव्हती का? डोळे तपासताना केवढ्या जवळ येतात.

---

ऑप्टोम_सायली

होती, फार होती. स्लिट लॅम्पवर पेशंटचं आणि आपलं तोंड यात वीतभर अंतर असतं. वुहानचे डॉ. ली वेनलियांग, ज्यांनी सुरुवातीलाच धोक्याची सूचना दिली, ते नेत्रतज्ज्ञच होते. कुठलीच लक्षणं नसलेल्या काचबिंदूच्या पेशंटकडून आपल्याला लागण झाली असावी, असं त्यांना वाटत होतं. ७ फेब्रुवारी २०२० ला ते गेले. ती बातमी आमच्या क्षेत्रात प्रत्येकाने वाचली होती. आम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्म धुऊन, मधे दोन भोकं पाडून स्लिट लॅम्पला आडोसा केला होता. नंतर अ‍ॅक्रिलिकचे आले.

---

पेठेतला_बाळ

काजळवही, तुम्ही धागा काढून गप्पच बसलात. वहीत काय आहे ते सांगा की. आणि तुमचं मत?

---

काजळवही
१४ एप्रिल २०२२, रात्री ११:१५

सगळं वाचतेय. लिहायला दोन दिवस लागले, कारण वहीतलं एक पान मला इथे सांगायचं होतं आणि हिंमत होत नव्हती.

पान ३१. ‘पुरुष, वय ४२, उजवा डोळा लाल, दुखतो, पाणी येतं, चार दिवस.’ पुरंदरकडचे शेतकरी. नेटवर्क नव्हतं म्हणून व्हिडिओ लागला नाही, त्यांच्या मुलाने फोटो पाठवला. मी तो मोठा करून बघितला. लाल होता. तेव्हा दिवसाला तीस-चाळीस असे लाल डोळे यायचे. अँटिबायोटिक ड्रॉप लिहिले, ‘चार दिवसांत फरक नाही पडला तर फोन करा’ म्हटलं. ताईंनी समोर लिहिलंय, ‘डोळे आले’.

त्यांनी फोन केला नाही. नवव्या दिवशी दुधाच्या टेम्पोत बसून ते थेट क्लिनिकच्या दारात आले, डोळ्यावर धुतलेला पंचा धरून. मी शटर उघडलं. डोळ्यात रंग टाकून निळ्या प्रकाशात बघितलं आणि पोटात खड्डा पडला. बुबुळाच्या मधोमध व्रण, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. बुरशी. विचारल्यावर म्हणाले, “मळणीत गव्हाचं कुसळ गेलं होतं, काढलं मी लगेच.” मी फोनवर ते विचारलंच नव्हतं.

नॅटामायसिन, बुरशीवरचे थेंब, सुरू केले, आधी दर तासाला, मग दोन तासांनी, असे दोन महिने. डोळा वाचला. बुबुळावर फूल पडलं. त्या डोळ्याने आता बोटं मोजता येतात, तेवढंच.

पुढे महिन्याभराने मी तो फोटो पुन्हा उघडला. फोनच्या फ्लॅशचा पांढरा ठिपका बरोबर बुबुळाच्या मधे पडला होता. व्रण त्या ठिपक्याखाली होता. मी बघितलं आणि मला दिसला नाही.

रेटिनावाला, तुमचा राग मला म्हणून कळतो. आणि ईएनटी_कोथरूड, तुमच्या त्या बाईंची पापणीही कळते. माझं मत आता असं झालंय: फोनवर निदान करू नये. फोनवर फक्त चाळणी लावावी. कोण आज, आत्ता आलं पाहिजे, कोण आठवड्याने आलं तरी चालेल, कोणाला नुसती बाटली हवी आहे. डोळा दुखतोय, नजर कमी झालीय, उजेड सहन होत नाही, काही लागलं किंवा गेलं होतं, कॉन्टॅक्ट लेन्स वापरता, ऑपरेशन झालंय. यातलं एकाला जरी ‘हो’ आलं, तर औषध न लिहिता ‘या’ म्हणायचं. मी तेव्हा चाळणी लावायच्या ऐवजी उपचार करत बसले.

ते शेतकरी अजून येतात. दर वेळी पिशवीत अंजीर असतात. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही.

---

रेटिनावाला

डॉक्टर, हे लिहिलंत, तुमचे आभार. माझ्याही फोनमध्ये असा एक फोटो आहे. मी तो अजून पुसला नाही.

---

ऑप्टोम_सायली

काजळवही, तुमचं वाचून लिहितेय, कारण लोक फोटो पाठवणारच. तर निदान नीट पाठवू दे. फ्लॅश बंद. पेशंटला खिडकीशी बाजूने उजेड येईल असं बसवा. दुसऱ्या फोनचा टॉर्च कानाच्या बाजूने तिरका धरा, समोरून नको. मागच्या कॅमेऱ्याने काढा, पुढच्या नाही. एक फोटो सरळ, एक वर बघताना खालची पापणी ओढून, एक खाली बघताना वरची उचलून, आणि एक दोन्ही डोळ्यांचा एकत्र. दुसरा डोळा शेजारी असला की फरक लगेच कळतो. आणि एकेक डोळा झाकून कॅलेंडरची तारीख वाचता येते का, ते लिहून पाठवा. हे फोटोपेक्षा महत्त्वाचं.

---

मंजिरी_क

वाचनखूण साठवली. सायलीचा प्रतिसाद घरच्या ग्रुपवर टाकतेय.

---

संगणकसखा

पान ३१ वाचलं. माझं आधीचं वाक्य घाईचं होतं. चाळणीचे ते सहा प्रश्न मराठीत, आवाजात विचारणारं काही करून देता आलं तर सांगा. व्हिडिओ नको, साधा फोन पुरेल, बांधावरूनही लागेल. पैसे नकोत.

---

काजळवही

@संगणकसखा, हवंय. प्रश्न मी लिहून देते, पण ‘प्रकाशसंवेदनशीलता’ वगैरे नको. ‘उजेडाकडे बघवतं का?’ असं विचारायचं.

---

दौंडकर

मॅडम, सायलीताईंनी मदुराईचं सांगितलं, शिकवलेली मुलगी आणि ते यंत्र. आमच्या गावात दूध डेअरीशेजारी सोसायटीची एक खोली रिकामी आहे. लाईट आहे. तिथे नेटपण येतं. माझी पुतणी बारावी सायन्स झालीय, घरीच आहे. खोली केवढी लागते?

---

काजळवही

दहा बाय दहा पुरे. खिडकीला जाड पडदा हवा, तपासताना अंधार करता आला पाहिजे. तक्ता वाचायला वीस फूट अंतर लागतं, पण समोरच्या भिंतीला आरसा लावला की दहा फुटांत भागतं. जुना स्लिट लॅम्प माझ्याकडे आहे, चालू आहे. पुतणीला रविवारी घेऊन या, तिला बघू दे आवडतंय का.

---

ऑप्टोम_सायली

रविवारी मीही येते.

---

दौंडकर

आणतो. खोली आत्ता जाऊन मोजली, अकरा बाय नऊ भरते. आरसा नऊच्या भिंतीला की अकराच्या?

---

काजळवही

नऊच्या. म्हणजे लांबी अकरा फूट मिळेल.